पेशंटचा वेळ

वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्किल लॅबमध्ये मी समन्वयक आहे. सिम्युलेटेड पेशंट आणि विद्यार्थी यांच्या भेटी ठरवणं हे माझं मुख्य काम. कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणत्या विद्यार्थ्यासमोर कोण बसणार, किती वेळ बसणार, आधी काय तयारी करणार आणि उठल्यावर कुठे विसावणार, हे सगळं माझ्या वहीत असतं. एखाद्या आजाराचा इतिहास, लक्षणं आणि मनःस्थिती नीट शिकून घेऊन विद्यार्थ्यासमोर पेशंट म्हणून बसणारी निरोगी व्यक्ती म्हणजे सिम्युलेटेड पेशंट. रोजच्या बोलण्यात आम्ही 'एसपी' म्हणतो. विद्यार्थी त्यांच्याशी बोलतो, नाडी बघतो, पोट तपासतो, निदान समजावून सांगतो. तो अडखळला तरी कोणाचं नुकसान होत नाही आणि त्याला पुन्हा करून बघता येतं.

आधी मी वॉर्डात वैद्यकीय समाजसेविका होते. तिथे रोज सकाळी जे दिसायचं, त्यातून मला या कामाची गरज पटली. शिकवण्याच्या रुग्णालयात एखाद्या पेशंटची प्लीहा वाढलेली निघाली की ती 'चांगली केस' ठरते. सकाळी युनिटचे विद्यार्थी येतात, दुपारी दुसरी बॅच येते, संध्याकाळी परीक्षेची तयारी करणारे येतात. प्रत्येक जण पोटावर हात ठेवतो, दीर्घ श्वास घ्यायला लावतो, तेच प्रश्न पुन्हा विचारतो. ऊसतोडीला जाणारी एक बाई असं तपासून घेता घेता शेवटी भिंतीकडे तोंड करून झोपली. तिनं कोणालाही नाही म्हटलं नाही. कमी पैशात इलाज होतोय, मग पोरांना नाही कसं म्हणायचं, असं ती मला नंतर म्हणाली. नाही म्हणायची मुभा आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

गरीब पेशंटच्या भिडेवर डॉक्टर घडवायचे नसतील, तर विद्यार्थ्याचा हात खऱ्या पेशंटला लागण्याआधी तो दुसरीकडे कुठेतरी बसायला हवा. आमची खोली त्यासाठी आहे. पण ही भीड वॉर्डातून उचलून एसपींच्या माथी मारली, तर काहीच साधलं नाही. म्हणून माझ्या लेखी या कामाचा गाभा वेळापत्रकात आहे. समोरच्या माणसाच्या वेळेची आणि शरीराची कदर महाविद्यालयाला आहे की नाही, हे वेळापत्रकात दिसतं, आणि विद्यार्थी ते न सांगता शिकतात.

ही पद्धत 1963 साली लॉस एंजेलिसला सुरू झाली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी रोझ मॅकविल्यम्स या मॉडेलला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची भूमिका शिकवली. प्रत्येक विद्यार्थ्यानं तिला तपासलं, आणि नंतर कोण कसं वागलं हे तिनं लिहून दिलं. बॅरोज यांना यात दोन गोष्टी हव्या होत्या: सगळ्या विद्यार्थ्यांपुढे तोच पेशंट असावा, आणि विद्यार्थ्याचं वागणं पेशंटच्या बाजूनं कळावं. पुढच्या वर्षी त्यांनी स्टीफन अब्राहमसन यांच्यासोबत यावर निबंध छापला. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, पण पद्धत टिकली. 1975 साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी 'ऑस्की' ही परीक्षापद्धत मांडली. तिच्यात विद्यार्थी बेलच्या ठोक्यावर एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जातात आणि प्रत्येक ठिकाणी एक ठरावीक काम करून दाखवतात. त्यातल्या अनेक स्टेशनांवर एसपी बसलेले असतात.

आपल्याकडे 2019 साली एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यासोबत वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा 'एटकॉम' हा भाग आला. स्किल लॅब असणं बंधनकारक झालं. पेशंटशी कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी, संमती कशी घ्यावी, हे आता अभ्यासक्रमातच आहे. सलाईन लावणं, टाके घालणं, छाती दाबून हृदय सुरू करणं हे मॅनिकिनवर शिकता येतं. पण मॅनिकिन रडत नाही, लपवत नाही, आणि 'डॉक्टर, खरं काय ते सांगा' असंही म्हणत नाही. त्यासाठी माणूसच लागतो, आणि माणूस आला की त्याचं घरदार, शेत आणि गाडीची वेळही सोबत येते.

आमचं महाविद्यालय ज्या नगर जिल्ह्यात आहे, तो क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा. चौदा तालुके आणि सतरा हजारांहून जास्त चौरस किलोमीटर. अहिल्यानगर हे नाव कागदोपत्री आलं असलं तरी आमच्या एसपींच्या तोंडी अजून 'नगर'च आहे. उत्तरेला राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, राहुरी हा पाटपाण्याचा ऊसपट्टा. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हा दुष्काळी टापू, जिथून माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. आमचे एसपी दोन्हीकडून येतात. त्यांत निवृत्त शिक्षिका आहेत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका आहेत, बचत गटाच्या बाया आहेत, भजनी मंडळातले आबा आहेत, अंगणवाडीचं काम पाहिलेल्या मावशी आहेत, आणि नगरच्या हौशी रंगभूमीवर काम करणारी दोन-चार तरुण मुलंही आहेत. ती मुलं मला 'मॅडम' म्हणतात, बाकी सगळ्यांची मी 'ताई'.

वर्षाचं वेळापत्रक लावायला बसते तेव्हा महाविद्यालयाचं परिपत्रक आणि पंचांग शेजारी शेजारी ठेवते. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की प्रवरेच्या कालव्यांवरचा शेतकरी एसपी दोन-तीन दिवस कुठेही जात नाही. पाण्याची पाळी आली तर त्याला दारं धरायला शेतात हवंच, मग ती पाळी रात्री दोनची का असेना. पाण्याची पाळी चुकवून या, असं त्याला कोणत्या तोंडानं म्हणायचं? विहिरीवरची मोटर चालवायची तर थ्री फेजची लाइट या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, हे बघावं लागतं. रात्रभर पाणी भरून आलेल्या माणसाला सकाळी नऊला छातीत दुखणाऱ्या पेशंटची भूमिका द्यायची नाही, हा आमच्याकडे नियम आहे. त्याचा थकवा खरा असतो. विद्यार्थ्याला तो आजाराचं लक्षण वाटतो आणि परीक्षेचा मापदंडच हलतो.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात आणि दक्षिणेतले एसपी कोयता घेऊन बाहेर पडतात. ते परततात मार्च-एप्रिलमध्ये. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण, उन्हाळ्याच्या तोंडावर काढणी. त्या दिवसांत बायांच्या टोळ्या पहाटेच रानात जातात आणि आमच्या मानधनापेक्षा तिथली मजुरी जास्त असते. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा असते, नवरात्रात मोहट्याला देवीची, चैत्रात तर गावोगाव जत्रा. आषाढीच्या आधी निवृत्तिनाथ महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते आणि आमचे आबा दिंडीत असतात. श्रावणात सप्ताह असतात. या सगळ्यात बॅचची पोस्टिंग, अंतर्गत परीक्षा आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे ओपीडीचे वार बसवायचे असतात.

बाहेरून नवे आलेले प्राध्यापक कधी विचारतात, की एवढी अडचण असेल तर नगर शहरातून नटच का आणत नाही? हा प्रश्न रास्त आहे. नगरला नाटकाची परंपरा मोठी आहे. सदाशिव अमरापूरकर याच मातीतले. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी, एकांकिका करणारी मुलं शहरात आजही आहेत, आणि काही भूमिका ती उत्तम करतात. पण रंगमंचावर नट प्रेक्षकांना काही पोचवू पाहतो. इथे पेशंटनं आपणहून फारसं काही सांगायचं नसतं, विचारलं तेवढंच सांगायचं. शिवाय आमच्या रुग्णालयात पुढे या विद्यार्थ्यांसमोर जो माणूस बसणार आहे, तो बहुतेक शेतातून उठून आलेला असतो. त्याचं बोलणं, थांबणं आणि डॉक्टरपुढे दबून राहणं ज्यांनी घरात पाहिलंय, त्यांच्याकडून विद्यार्थी जास्त शिकतात.

आता एका दिवसाचा हिशेब मांडते. दीडशे विद्यार्थ्यांची बॅच आहे. परीक्षेत आठ स्टेशनं, त्यांपैकी चारांवर एसपी. प्रत्येक स्टेशनला सात मिनिटं आणि पुढे सरकायला एक मिनिट. म्हणजे आठ विद्यार्थ्यांची एक फेरी चौसष्ट मिनिटांत होते. दोन फेऱ्या समांतर चालवल्या तर तासाभरात सोळा विद्यार्थी होतात. दीडशेंसाठी अशा दहा फेऱ्या लागतात. दोन दिवसांत बसवायचं तर रोज पाच. एका स्टेशनवर एकच एसपी दिवसभर बसला, तर त्याला चाळीस विद्यार्थ्यांना सामोरं जावं लागेल. चाळीस वेळा तेच दुखणं, तेच प्रश्न, पोटावर चाळीस जणांचे हात. कागदावर हे जमतं. माणसाला जमत नाही, आणि जमवायला लावूही नये.

म्हणून प्रत्येक भूमिकेसाठी मी किमान दोघांना तयार करते. ते आलटून पालटून फेऱ्या घेतात. एक आत असतो तेव्हा दुसरा विश्रांतीच्या खोलीत चहा घेतो, पाय पसरून बसतो. चार स्टेशनं, दोन समांतर फेऱ्या आणि प्रत्येकी दोघं, म्हणजे सोळा माणसं. कोणाच्या घरी पाहुणे येतात, कोणाची गाय वितेल अशी असते, म्हणून दोघं-तिघं राखीव. दोन फेऱ्यांच्या मध्ये वीस मिनिटांची सुट्टी मी वेळापत्रकात ठळक अक्षरात लिहिते, कारण ठळक नसेल तर ती वेळ पहिल्यांदा खाल्ली जाते. उशीर झाला की परीक्षक म्हणतात, सुट्टी जरा कमी करा. तिथे मी हलत नाही. हवं तर एक फेरी दुसऱ्या दिवशी न्या, पण माणसं उठणार आणि हिंडूनफिरून येणार. अनुभवी परीक्षकांना हे पटतं, कारण सुट्टीनंतरच्या फेरीत एसपींची उत्तरं पुन्हा नेमकी झालेली त्यांनी पाहिलेली असतात.

पोटाच्या तपासणीचं स्टेशन सगळ्यांत अवघड. पलंगावर झोपायचं, सदरा वर करायचा, आणि एकामागून एक हात. यासाठी ज्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झालेली नाही, ज्यांना कसला त्रास नाही, त्यांनाच घेतो आणि आदल्या दिवशी डॉक्टर तपासून खात्री करतात. डिसेंबरात विद्यार्थ्यांचे हात बर्फासारखे गार असतात. म्हणून या स्टेशनच्या दाराबाहेर आम्ही कोमट पाण्याचं पातेलं आणि स्वच्छ पंचा ठेवतो. विद्यार्थ्यानं हात धुवायचे, शेकायचे, पुसायचे, मग आत जायचं. सुरुवातीला काहींना हे फाजील वाटायचं. मग एका परीक्षकांनी 'तपासण्याआधी हात ऊबदार केले का' ही ओळ चेकलिस्टमध्येच घातली. आता थंडीच्या दिवसांत वॉर्डात इंटर्न तळहात एकमेकांवर चोळून मगच पेशंटला हात लावताना दिसतात, तेव्हा मला मनापासून बरं वाटतं.

शरीराच्या खासगी भागांची तपासणी आम्ही एसपींवर कधीच घेत नाही, त्यासाठी मॅनिकिन आहेत. स्त्री एसपीला मुलगा तपासणार असेल तर खोलीत बाई मदतनीस असतेच. रक्तदाब मोजायचा असेल तर तोच दंड पुन्हा पुन्हा आवळला जाऊ नये म्हणून फेरीगणिक हात बदलतो. 'आता नको' असं एसपीनं कोणत्याही क्षणी म्हटलं, की भेट तिथेच थांबते आणि विद्यार्थ्याचे गुण त्यामुळे कापले जात नाहीत. पहिल्या बैठकीत मी हे प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घेते. बऱ्याच बायांच्या तोंडून 'नको' निघायला वेळ लागतो. सवय नसते. दोन-तीनदा म्हटल्यावर आवाज मोकळा होतो.

मनावरचा ताण वेगळा. वाईट बातमी सांगण्याच्या स्टेशनवर एसपी कधी कॅन्सरचं निदान ऐकतो, कधी मूल गेल्याचं. त्या खुर्चीत बसणारी मावशी नाटक करत असली तरी तिचं शरीर रडतं, घसा दाटतो, हात थरथरतात. अशी भूमिका देण्याआधी मी घरी जाऊन बोलते: तुमच्या घरात असं काही झालंय का? झालं असेल तर ती भूमिका सहसा त्यांना देत नाही, आणि त्या स्वतः तयार असल्या तरी आधी डॉक्टरांशी बोलणं होतं. या भूमिकेसाठी दोघींऐवजी तिघी असतात आणि सलग दोन फेऱ्या कोणालाच नाहीत. संपल्यावर त्यांना तसंच गाडीत बसवून देत नाही. आम्ही गोल बसतो. प्रत्येकीनं आपलं खरं नाव घ्यायचं, आपल्या गावाचं नाव घ्यायचं, आज घरी गेल्यावर काय रांधणार ते सांगायचं. भूमिकेतली बाई इथे ठेवून स्वतःच्या घरी जायचं. सिम्युलेटेड पेशंटसोबत काम करणाऱ्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2017 साली या कामाचे मानदंड प्रसिद्ध केले. त्यांत पहिलं कलम कामाच्या सुरक्षित वातावरणाचं आहे, भूमिका शिकवण्याचं त्यानंतर येतं. हा क्रम मला फार बरोबर वाटतो.

या स्टेशनवरची एक भेट सांगते. विद्यार्थिनी तिसऱ्या वर्षाची. समोर आमच्या मावशी, भूमिकेत त्यांच्या नवऱ्याच्या फुप्फुसात गाठ सापडलेली. मुलगी अभ्यास करून आली होती. सगळे टप्पे तिला पाठ होते: जागा शांत हवी, पेशंटला काय माहीत आहे ते आधी विचारायचं, बातमी थोडी थोडी सांगायची. तिनं सगळं बरोबर सांगितलं, पण एका दमात. मावशी काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मुलीनं चेकलिस्ट आठवायला वर पाहिलं, मग मावशींच्या बोटांकडे पाहिलं आणि थांबली. बेल व्हायला दोन मिनिटं होती. तेवढा वेळ ती नुसती बसून राहिली, हात मावशींच्या खुर्चीच्या दांड्यावर. शेवटी मावशींनी विचारलं, 'आता आम्ही काय करायचं?' आणि मुलगी म्हणाली, 'आपण मिळून ठरवू.' फीडबॅकच्या वेळी मावशी म्हणाल्या, 'आधी तू मला कागद वाचून दाखवलास. नंतर तू बसलीस, तेव्हा मला वाटलं की कोणीतरी आहे.' हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळालं नसतं. आणि दमलेल्या, रोजच्या गाडीसाठी घड्याळाकडे बघणाऱ्या मावशींकडूनही मिळालं नसतं. त्या दिवशी त्यांची ती दुसरीच फेरी होती.

भूमिका शिकवायलाही वेळापत्रकात जागा लागते. एकाच पेशंटची भूमिका दोघं करणार असतील, तर दोघांची उत्तरं तंतोतंत जुळायला हवीत, नाहीतर विद्यार्थ्यांवर अन्याय होतो. प्रत्येक केसचे आम्ही तीन भाग करतो: पेशंट आपणहून सांगेल ते, विचारलं तरच सांगेल ते, आणि नेमकं विचारलं तरच सांगेल ते. आमच्या एका केसमधली बाई 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणते. 'मिशरी लावता का?' असं विचारलं तरच 'हो, सकाळ-संध्याकाळ' म्हणते. वॉर्डात हेच घडतं. देशभरातून आलेल्या मुलांना मिशरी म्हणजे काय हेच माहीत नसतं, आणि या खोलीत ते त्यांना पहिल्यांदा कळतं. एक केस बसायला तीन-चार बैठका लागतात आणि शेवटी डॉक्टरांसमोर रंगीत तालीम होते. या बैठकांचंही मानधन मिळालं पाहिजे, फक्त परीक्षेच्या दिवसाचं नाही. तालीम हे कामच आहे.

असा पेशंट किती उपयोगी पडतो, हे आपल्या मुंबईतच दिसलं आहे. 2014-15 मध्ये मुंबई आणि पाटण्यात संशोधकांनी प्रशिक्षित माणसांना क्षयरोगाच्या पेशंटच्या भूमिकेत खासगी दवाखान्यांत पाठवलं. समोरचा पेशंट खरा नाही, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. साधारण एक तृतीयांश भेटींमध्येच उपचाराची दिशा योग्य निघाली. बाकीच्या ठिकाणी चुकलेलं बहुतेक वेळा साधं होतं: थुंकीची तपासणी सांगितली नाही, नको ती प्रतिजैविकं लिहून दिली. विचारणं आणि ऐकणं शिकवताना आपण कुठे कमी पडतो, हे यातून समजतं. आमच्या लॅबमध्ये दोन आठवड्यांच्या खोकल्याची केस दरवर्षी असते, ती यासाठीच.

वेळेच्या बाबतीत एक प्रसंग घडला आणि त्यानं आमचे नियम पक्के झाले. बाहेरून येणारे परीक्षक बरेच उशिरा पोचले. एसपी सकाळपासून तयार होऊन बसले होते. पहिली एसटी पकडायला काही जणी पाचला उठल्या होत्या. परीक्षा उरकली तेव्हा शेवटची गाडी निघून गेली होती. मी त्यांना महाविद्यालयाच्या गाडीनं घरोघरी सोडलं. दुसऱ्या दिवशी कंडक्टर काका ऑफिसात आले आणि शांतपणे म्हणाले, 'ताई, आम्ही खोटे पेशंट असलो तरी आमची वेळ खरी आहे.' तेव्हापासून नेमणुकीच्या कागदावर सुरुवातीची आणि सुटण्याची, अशा दोन्ही वेळा छापलेल्या असतात. उशीर महाविद्यालयाकडून झाला तर वाढीव मानधन मिळतं. संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळा परीक्षेच्या वेळापत्रकाखालीच लिहिलेल्या असतात. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तरी प्रवासखर्च आम्ही पूर्ण धरतो, कारण गावाच्या फाट्यापासून घरापर्यंत रिक्षा करावी लागते.

गावातल्या बायांना आरोग्य शिकवता येतं आणि त्यांच्याकडून शिकताही येतं, हे याच जिल्ह्यानं जगाला दाखवलं आहे. जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, गावकुसाबाहेरच्या बायांनाही त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि पुढे देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. डॉक्टर आणि गावातली बाई एकाच सतरंजीवर बसून शिकू शकतात, हा तिथला धडा. आमची स्किल लॅब लहान आहे, तिचं काम वेगळं आहे. पण एखादी मावशी खुर्चीत ताठ बसून भावी डॉक्टरला सांगते, की 'तू माझ्याकडे बघून बोलला नाहीस,' तेव्हा मला त्या धड्याची आठवण होते.

या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या वेळापत्रकात एसपीला विश्रांती आहे, नकाराची मुभा आहे, घरी जायची गाडी आहे आणि तालमीचे पैसे आहेत, त्या वेळापत्रकातून घडलेला विद्यार्थी वॉर्डात पेशंटला जास्त नीट वागवतो. मोजमाप करून हे सिद्ध केल्याचा माझा दावा नाही. कोमट पाण्याचं पातेलं आणि वॉर्डात तळहात चोळणारे इंटर्न हे मी पाहिलं आहे, आणि मला ते पुरेसं आहे. वैद्यकीय महाविद्यालयांनी एसपींचं काम 'मदत' म्हणून न मागता त्यासाठी अंदाजपत्रकात ओळ ठेवावी, समन्वयक नेमावा आणि परीक्षेची तारीख ठरवताना गावाचं पंचांगही बघावं, एवढीच माझी मागणी आहे.

आणि वाचकांना दोन गोष्टी सांगते. तुमच्या जवळच्या महाविद्यालयात असे पेशंट हवे असतील तर जरूर जा. वेळ किती, विश्रांती कधी, मानधन काय आणि थांबायचं कसं, हे चार प्रश्न आधी विचारा. तुमचा एक तास पुढच्या अनेक पेशंटच्या कामी येतो. आणि घरचं कोणी वॉर्डात असताना विद्यार्थी तपासायला आले, तर तुम्ही त्यांना हो म्हणू शकता, आणि नाहीही म्हणू शकता. नाही म्हटलं म्हणून इलाजात काही कमी होत नाही, आणि तसा तुमचा हक्कच आहे.